पहिल्या फेरीचा नवस

"पण बंद पडलीच कशी, आबा? नवी कोरी वस्तू बसवली होती!"

निशिकांतचं डोकं गाडीच्या मागच्या झाकणाखाली होतं. जुनी विलायती गाडी ती. इंजिन मागे, पाण्याऐवजी वाऱ्यावर थंड होणारं.

मठातले आबा आत सीटवर मांडी घालून बसले होते.

"मला विचारतोस की इंजिनाला?"

निशिकांतने पाना आपटला. गाडी वडिलांची. ती पुन्हा रस्त्यावर आली, तर पहिल्याच फेरीत आबांना घरी जेवायला आणीन, असा नवस तो बोलला होता. त्यासाठी कित्येक दिवस जेवणखाण विसरून त्या गाडीपाशी राबला. ठिणगी पाडणारे जुने पॉइंट सारखे झिजायचे, सारखे घासावे लागायचे. ते भंगारात देऊन त्याने इलेक्ट्रॉनिक संच बसवला होता.

"एकदा बसवला की पुन्हा बघायला नको, आबा!" मघाशी इथेच, रस्त्याकडेच्या रसवंतीपाशी गाडी थांबवून, झाकण उघडून त्याने कौतुकाने दाखवलं होतं. आबांनीही बिचाऱ्यांनी वाकून वाकून पाहिलं होतं. त्यानंतर गाडी सुरूच झाली नव्हती.

आता त्याने आत हात घालून संच चाचपला आणि बोटांना चटका बसला.

मग आठवलं. कौतुक चाललं होतं तेव्हा इंजिन बंद होतं, पण किल्ली चालूच राहिली होती. तेवढं एक करू नका, संच जळेल, असं त्याच्या खोक्यावर ठळक छापलं होतं.

"जळला! दाखवायच्या नादात जळला... आबा, निदान दोन शब्द रागवा तरी!"

"तू रागावतोयस की. पुरेसं आहे."

तेवढ्यात गावोगावची माणसं भरून नेणारी वडापची जीप शेजारी येऊन थांबली.

"या की बुवा! जागा हाय," ड्रायव्हर ओरडला.

"नको! जा तुम्ही," निशिकांत खेकसला. "आबांना याच गाडीतून न्यायचंय. नवस आहे."

"नवस कुणाचा?" आबांनी विचारलं.

"माझा."

"आणि उपाशी कोण आहे?"

...

आईचं पारायण सकाळीच संपलं होतं. आबांच्या मुखी घास पडल्याशिवाय ती पाणीही घेणार नव्हती. वय झालेलं, त्यात साखरेचं दुखणं. आणि आता उन्हं कलली होती.

"उतरा, आबा. नवस राहिला बाजूला. जीपने जाऊ."

आबा हलले नाहीत.

"बोललास ना देवाला? मग मी कशाला मोडू? मी गाडीनेच येतो."

"या बंद गाडीने?"

"तू जीपने पुढे हो. आईच्या शेजारी पान मांडून बस."

"ही काय थट्टेची वेळ आहे, आबा? तुम्ही आल्याशिवाय ती घास उचलायची नाही!"

आबांनी खिडकीतून त्याचे ऑइलने काळे झालेले हात ओढून घेतले. आपल्या पांढऱ्या उपरण्याने एकेक बोट पुसलं. "या हाताचा पहिला घास तुझ्या मुखी पडला, की माझ्याच मुखी पडला."

...

"येताय का न्हाई?" जीपचा हॉर्न वाजला.

निशिकांत जीपकडे निघाला आणि पुन्हा वळला. "दारातच विचारेल ती, आबा कुठायत? काय सांगू तिला?"

आबांनी सीटला पाठ टेकली, डोळे मिटून घेतले.

"पोचले म्हणून सांग."