मंडपवाल्यानं जुळवलेला कंप्युटर

एका बाजाराच्या गावात एक मंडपवाला राहत होता. नाव सखाहरी. लग्न असो, बारसं असो, पुढाऱ्याचा सत्कार असो, मंडप सखाहरीचाच. पुढची कमान अशी उभी करायचा की पाहुणा आधी मान वर करायचा आणि मग चप्पल काढायचा. मागच्या अंगाला बांबू वाकडे का असेनात, सुतळ्या का लोंबेनात. तिकडं कुणी बघत नाही, म्हणून तोही बघत नसे. धंदाच तसा, बघणाऱ्याचा.

त्याला एकच लेक. वैजयंता. घरात सगळे वैजू म्हणत. वैजूला जन्मापासून दिसत नव्हतं. पण डोकं तल्लख आणि जीभ त्याहून तल्लख. शहरातल्या अंधशाळेत शिकली. तिथल्या कंप्युटरात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. पडद्यावर जे उमटेल ते कंप्युटर कानात सांगायचा आणि वैजूची बोटं कळांवर चालत राहायची. शिकून झालं, पोर घरी आली.

एक दिवस पुण्याच्या एका कंपनीतून तिला फोन आला. वकील, डॉक्टर जे बोलून ठेवतात ते ऐकायचं आणि टाइप करून पाठवायचं, असं काम. घरबसल्या पगार. अट एकच, कंप्युटर स्वतःचा हवा. येत्या सोमवारी परीक्षा, तीही घरूनच द्यायची. जमलं तर नोकरी, नाही तर रांगेतला पुढचा.

सखाहरीनं त्याच दिवशी जुना जनरेटर विकला. चाळीस हजार हाती आले. त्याच्यावर एक रुपया नव्हता आणि कुणाकडून मिळणारही नव्हता. तयार कंप्युटर महाग पडतो, तेव्हा तालुक्याला निसारभाईच्या दुकानात एकेक भाग निवडून जोडून घ्यायचं ठरलं.

वैजू म्हणाली, "आप्पा, मला पण न्या. काय काय लागतं ते मी सांगते."

सखाहरी गाडीला किक मारत म्हणाला, "तुला तिथं काय दाखवणार?"

बोलून गेला. बोलल्यावर त्याचं त्यालाच कसंसं झालं. पण गाडी चालू झाली होती, तो निघून गेला.

निसारभाई भला माणूस. त्यानं विचारलं, "चालवणार कोण?"

"पोरगी."

"काम कसलं?"

"टायपिंग."

पुढं सखाहरी बोललाच नाही. पोरीला दिसत नाही, हे त्यानं गिळलं. का गिळलं? तर ते सांगितलं की माणसं चुकचुकतात, आवाज खाली आणतात, कुणी तर पाठीवर हात ठेवतं. ते त्याला सोसत नसे. गावात सगळ्यांना ठाऊकच होतं. तालुक्यात कशाला सांगा.

निसारभाईनं त्याला कळेल असं समजावलं. "प्रोसेसर म्हणजे ह्याचं डोकं. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा मोठा असला तर चार कामं एकदम मांडता येतात. एसएसडी म्हणजे हाताशी असलेलं फडताळ, मागितलं की लगेच मिळतं. वीज गेली तर काम बुडू नये म्हणून यूपीएस. मॉनिटर, पेटी, कीबोर्ड, हेडफोन सगळं साधंच घेऊ. तुमच्या पैशात नीट बसतं."

सखाहरी बरं म्हणून निघाला. तेवढ्यावर थांबला असता तर गोष्ट इथंच संपली असती. पण मनाला एकदा पाय फुटले की ते कुठं थांबतं?

वेशीजवळच मेव्हणा भेटला, उत्तम. सगळं ऐकून घेतलं आणि तोंड वाकडं केलं. "दाजी, मॉनिटर साधा? चार माणसं बघायला येणार. बत्तीस इंची घ्या, टीव्हीसारखा. घराची शान वाढंल."

सखाहरीनं तिथंच उभ्या उभ्या दुकानात फोन लावला. निसारभाई म्हणाला, "बसवतो. पण मग एसएसडी काढावी लागेल. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क घालतो, ती जरा मंद असते."

"घाला."

दुसऱ्या दिवशी चावडीपाशी तलाठी भाऊसाहेब भेटले. त्यांचा मुलगा कंप्युटरवर लढायांचे खेळ खेळायचा. भाऊसाहेबांनी विचारलं, "ग्राफिक्स कार्ड घेतलंस ना? नाही? मग तो कसला कंप्युटर?" झालं. पुन्हा फोन. ग्राफिक्स कार्ड आत आलं, यूपीएस बाहेर गेला, रॅम कमी झाली.

मग साउंडवाला मुन्ना. लग्नाच्या मांडवात तो आणि सखाहरी बरोबरच काम करायचे. तो म्हणाला, "पेटी काचेची घे मालक. आत रंगीत पंखे फिरतात. कीबोर्ड चमकणारा घे, स्पीकर लाइटवाले घे. अंधारात असलं भारी दिसतं." हेडफोन निघाला, स्पीकर आले. साधा कीबोर्ड गेला, चमकता आला.

सखाहरीला आता चैन पडेना. शिडीवर चढला की काहीतरी आठवायचं आणि तो एका हातानं बांबू धरून दुसऱ्या हातानं फोन लावायचा. खाली दोरी धरलेला गडी अवघडून जायचा. जेवायला बसला की घास हातात तसाच. रस्त्यात कुणीही भेटला की विचारायचा, तुझ्या भाच्याकडं कंप्युटर आहे ना, कोणता आहे? आणि कुणी काही सांगितलं की आदलं सगळं पुन्हा उसवायचा.

बायको शेवंता वैतागली. "अवं, कंप्युटर जोडताय का लेकीला स्थळ बघताय?"

आतून वैजू म्हणाली, "स्थळ बघताना पोरीला एकदा तरी विचारतात, आई."

शेवंता हसली. सखाहरीला ऐकू गेलं नाही, तो फोनवर होता. पलीकडून निसारभाई सांगत होता, "सखाहरीभाऊ, तुमच्या मंडपाचं कापड तेवढंच असतं ना? पुढं ओढलं की मागं उघडं पडतं. पैशाचंही तसंच आहे बघा."

"पडू द्या," सखाहरी म्हणाला. "पुढचं चांगलं दिसलं पाहिजे."

शनिवारी कंप्युटर घरी आला. पेटी काचेची, आत तांबडे, हिरवे, निळे पंखे. मॉनिटर एवढा मोठा की देवाची तसबीर हलवून जागा करावी लागली. नारळ फुटला. आळीतली माणसं जमली. उत्तम कमरेवर हात ठेवून म्हणाला, "दाजी, घरातच कमान उभी केलीत की." सखाहरीच्या जिवाला पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

मग वैजू खुर्चीवर बसली. तिनं कळांवर बोटं ठेवली आणि उचलली. पुन्हा ठेवली. कीबोर्डवर मधल्या ओळीत दोन कळांना बारीक उंचवटे असतात, बोटांना त्यावरूनच घर सापडतं. ह्या चमकत्या पाटीवर ते असून नसल्यासारखे. तरी चाचपून तिनं शाळेतून आणलेलं बोलणारं सॉफ्टवेअर चालू केलं आणि एक शब्द टाइप केला. कंप्युटर गप्प. मग खाकरल्यासारखा आवाज आला आणि अर्धाच शब्द बोलला. तिनं पुढचा शब्द टाइप केला, तर त्यानं मागचा उरलेला बोलून दाखवला. डिस्क मंद आणि रॅम एवढीशी, त्यात बोलणारं सॉफ्टवेअर मावतच नव्हतं. वर माणसांची बडबड. कानाला लावायला हेडफोन नाही.

लोक म्हणत होते, "रंग बघ, रंग बघ."

वैजू म्हणाली, "बघून झालं असलं तर मंडळींनी घरी जावं. मला परवा परीक्षा आहे."

माणसं पांगली. वैजूनं अजून एकदा करून पाहिलं. मग म्हणाली, "आप्पा, ह्याच्या बोलण्याच्या चालीनं मी टाइप केलं तर एक पान व्हायला दिवाळी उजाडेल. नोकरी गेलीच म्हणायची."

सखाहरी उठला आणि दारात जाऊन चप्पल शोधू लागला.

"कुठं निघालात?"

"उत्तमला विचारून येतो. नाहीतर भाऊसाहेबांना. काहीतरी तोड निघंल."

सखाहरीचा एक पाय चपलेत, एक उंबऱ्याच्या आत. त्यानं मागं वळून पाहिलं. पोर हात मांडीवर घेऊन बसली होती. तोंडावर तांबडा उजेड पडत होता, मग हिरवा, मग निळा, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. आठवडाभर सखाहरीनं साऱ्या गावाला विचारलं होतं. ज्या घरातून तो विचारायला बाहेर पडत होता, त्याच घरात जिला ठाऊक होतं ती बसून होती.

त्यानं पाय चपलेतून काढला. आत येऊन तिच्यासमोर जमिनीवर बसला. "वैजू, तुला काय लागतं?"

तिचं उत्तर तयारच होतं. रॅम जास्त. एसएसडी. साधा कीबोर्ड, उंचवटे असलेला. चांगला हेडफोन. यूपीएस. "आणि पडदा नसला तरी चालतं."

"पडदाच नको?"

"तो घेऊन काय करू, पापड वाळत घालू?"

दुसरा दिवस बाजाराचा. सखाहरीनं मॉनिटर, काचेची पेटी, स्पीकर सगळं टेम्पोत ठेवलं. झाकायला चादर हातात घेतली, कारण टेम्पो भर बाजारातून जायचा होता आणि काल ज्यांनी वा म्हटलं ती सगळी माणसं तिथंच भाजी घेत असणार. चादर हातात धरून तो बराच वेळ घुटमळला. पुढच्या सीटवरून वैजू म्हणाली, "आप्पा, उशीर होतोय." त्यानं चादर तिथंच टाकली आणि टेम्पो चालू केला.

बाजारात उत्तमनं अडवलंच. "दाजी, एका दिवसात बिघडला?"

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर दोष दुकानदारावर जाऊन सखाहरी मोकळा झाला असता. त्यानं एकदा शेजारी वैजूकडं पाहिलं. मग म्हणाला, "बिघडला नाही. वैजूच्या कामाचा नाही. चूक माझीच झाली." चार माणसांनी ऐकलं. टेम्पो पुढं गेला.

दुकानात गिऱ्हाइकं होती. सखाहरी काउंटरपाशी उभा राहिला आणि गिळलेलं त्यानं बाहेर काढलं. "निसारभाई, माझ्या पोरीला दिसत नाही. हे मी आधी सांगायला पाहिजे होतं."

मागून कुणीतरी चुकचुकलं.

वैजू म्हणाली, "दुकानात पाल झालीय वाटतं."

निसारभाई हसू दाबत म्हणाला, "बोला ताई, काय काय देऊ?"

तिनं सांगितलं. कीबोर्ड तर सगळे मागवून घेतले आणि बोटं फिरवून त्यातला एक निवडला. तो सगळ्यांत स्वस्त निघाला. निसारभाईनं मोठा मॉनिटर, काचेची पेटी, कार्ड सगळं परत घेतलं. आपला नफा सोडला. पण फोडलेल्या खोक्याला कुणी पुरा भाव देत नाही, त्याला तरी कुठून परवडणार? रॅम आली, एसएसडी आली, हेडफोन आला. यूपीएसपाशी पैसे संपले. उधारी झेपेल असं ते दुकान नव्हतं.

"असू दे," वैजू म्हणाली. "सोमवारी वीज जायची नाही असं समजू."

निसारभाईनं सॉफ्टवेअर दुकानातच घालून दिलं. सुरू केला की कंप्युटर आपण होऊन बोलायला लागेल अशी सोय केली.

सोमवारी परीक्षा सुरू झाली. लाह्या फुटाव्यात तशा आत कळा वाजू लागल्या. सखाहरी ओसरीवर. बसला, उठला, खाली उतरला, वर आला. दारावरचा दिवा त्यानं भर दिवसा लावून ठेवला होता आणि त्याच्याकडंच बघत होता. आयुष्यभर त्यानं दिवे लावले, पण एखाद्या दिव्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. शेवंता म्हणाली, "बसा की खाली." तो बसला आणि परत उठला.

परीक्षा संपत आली आणि दिवा गेला. आतल्या कळा थांबल्या.

वीज थोड्या वेळात परत आली, पण शेवटचा उतारा बुडाला होता आणि परीक्षेची वेळ संपली होती.

संध्याकाळी कंपनीचा फोन आला. जे पाठवलं त्यात एक चूक नाही, पण काम अपुरं आहे. सध्या अर्ध्या दिवसाचं काम देतो, अर्ध्या पगारावर. वर्षभरानं पुढचं बघू.

वैजूला आनंद झाला, कारण काहीच न मिळण्याची तिनं तयारी ठेवली होती. सखाहरीला हसावं का रडावं कळेना. यूपीएस निसारभाईनं पहिल्याच दिवशी यादीत घातला होता. तो यानं काढायला लावला होता, एका फोनमध्ये, चावडीपाशी उभं राहून.

वैजूचं काम सुरू झालं. एके दिवशी उत्तम आला. टेबलावर काळी साधी पेटी, काळा कीबोर्ड, एक वायर वैजूच्या कानापर्यंत गेलेली. बाकी काही नाही. उत्तम इकडून तिकडून बघून आला आणि ओसरीवर म्हणाला, "दाजी, एवढ्या पैशात हेच आलं? काही दिसतच नाही. मला एकदा विचारायचं तरी."

"विचारलं होतं," सखाहरी म्हणाला. "म्हणून तर पगार अर्धा आहे. आता हळू बोल, आत काम चाललंय."

तात्पर्य: वस्तू ज्याच्या हाती जाणार आहे त्याला आधी विचारावं. बघणाऱ्यांना विचारून घेतलेली वस्तू बघणाऱ्यांच्याच उपयोगाची होते, आणि तिची किंमत मात्र वापरणाऱ्याला भरावी लागते.