शिंजिराची गळलेली पिसे

मुलांनो, एका ओढ्याच्या काठी करवंदीची मोठी जाळी होती आणि त्या जाळीत लहानसहान पक्ष्यांचे एक गावच राहत असे. शिंपी होता, बुलबुल होते, आणि मधोमध एका बारीक फांदीला फुलांतला मध पिणाऱ्या इवल्या, निळ्या शिंजिराचे घरटे लोंबत होते. काटे इतके दाट की शिकारी शिक्र्याला आत पंख घालता येत नसे. राखणीला सातभाई होते. सातही मातकट रंगाचे, सातही बडबडे, आणि त्यांतला थोरला स्वतःला फार जाणता समजे.

या जाळीची एक रीत होती. आत राहणाऱ्या प्रत्येक जातीचे एकेक पीस वाटेवरच्या काट्यांना टोचून ठेवलेले असे. कोणी आत येऊ लागला की थोरला त्याचे अंग त्या पिसाशी ताडून पाही आणि मगच वाट देई. पूर्वी नुसत्या आवाजावर ओळख पटत असे. पण एकदा नकला करणाऱ्या कोतवाल पक्ष्याने हुबेहूब शिक्र्याचा आवाज काढला, सारी जाळी घाबरून उडाली आणि सगळ्यांच्या चोचींतून पडलेले किडे त्या लबाडाने निवांत गिळले. तेव्हापासून आवाजाला कोणी विचारीना. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात, तशातला प्रकार.

श्रावण सरत आला होता. शिंजिराच्या मादीला ओढ्यावर शिक्र्याने उचलले, आणि एका कोवळ्या पिल्लाला आता बापाशिवाय कोणी उरले नाही. तो बिचारा दिवसभर कोळी, किडे आणून त्याला भरवी. नेमकी त्याच वेळी त्याची पिसे गळू लागली. शिंजिराचे असेच असते. विणीचा काळ संपत आला की नराची ती चमकदार निळी पिसे झडतात आणि तो मादीसारखा फिकट, मळकट दिसू लागतो. गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी राहते. सातभाईंना हे कुठून कळावे? त्यांचा रंग बारा महिने मातीचाच. आधी त्यांनी त्याची थट्टा केली, मग ते त्याला निरखू लागले, आणि एके सकाळी थोरला वाटेतच आडवा उभा राहिला.

शिंजिराने चोचीतला कोळी फांदीवर ठेवला. "दादा, मी शिंजीर. आत माझे पिल्लू उपाशी आहे."

थोरल्याने काट्यावरचे पीस दाखवले. "शिंजीर निळा असतो. तू कोण, ते मला ठाऊक नाही."

"ही छातीवरची रेघ पाहा. नाहीतर माझा आवाज तरी ऐका."

"आवाज कोतवालालाही काढता येतो. पीस खोटे बोलत नाही."

आता गंमत अशी, की हे बोलणाऱ्या थोरल्याच्या स्वतःच्या घरट्यात एक काळे-पांढरे, तुरेवाले पिल्लू आ वासून बसले होते. चातकाच्या मादीने तिथे गुपचूप अंडे घातले होते आणि सातही भाऊ त्या पोराला आपले समजून भरवत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

आतून पिल्लू हाक मारी, बाहेरून बाप ओ देई. शेजारच्या फांदीवरच्या शिंप्याने तो आवाज पुरता ओळखला. पण आपण बोललो तर उद्या थोरला आपलीही पिसे तपासत बसेल, या भीतीने त्याने अळीमिळी गुपचिळी केली. बुलबुलांनी मान फिरवली. शिंजीर दुसऱ्या बाजूने शिरू लागला, तेव्हा सात चोचींनी टोचून टोचून त्याला बाहेर काढले. संध्याकाळी हाक बारीक झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी थांबली. सांगताना मला वाईट वाटते, पण ते पिल्लू भुकेने मेले. शिंजीर मात्र आणखी बराच वेळ ओ देत राहिला आणि मग कुठेतरी निघून गेला.

थंडी सरली. शिंजिराच्या अंगावर पुन्हा निळी पिसे आली. एक दिवस तो ओढ्यापलीकडच्या पांगाऱ्यावर मध पिताना दिसला, तसा थोरला मोठ्या आनंदाने पुढे झाला. "अरे, तू तर आमचाच शिंजीर! इतके दिवस होतास कुठे? ये, तुझी जागा रिकामीच आहे."

शिंजीर जागचा हलला नाही. "दादा, मी निळा झालो तेव्हा तुम्हाला ओळखू आलो," तो म्हणाला. "माझ्या पिल्लाचे तर डोळेही उघडले नव्हते. त्याने मला शेवटपर्यंत ओळखले."

एवढे बोलून तो उडाला. त्या जाळीत पुन्हा कधी शिंजिराने घरटे बांधले नाही.

तात्पर्य : वरचा रंग ऋतूबरोबर पालटतो. त्यावरूनच जो आपले-परके ठरवतो, त्याच्या दारात आपलीच माणसे परकी होतात. आणि चूक उमगते, तेव्हा ती सुधारायला फार उशीर झालेला असतो.