तारकेची चिप

घरचा टीव्हीच कॉम्प्युटरला पडदा म्हणून जोडायचे, त्या काळातली ही गोष्ट. मिरजेत बशीर मिस्त्रींच्या दुकानात दोन नादुरुस्त कॉम्प्युटर एका फळीवर आले. आराखडा दोघांचा एकच. त्यातला रॉयल विलायतेहून तयार होऊन आला होता. दुसरी तारका, इथल्या कारखान्यात जुळवलेली, तिचं बारसंही इथलंच.

"अंग माझ्यासारखं आणि नाव गावठी! मला भाऊ म्हणू नकोस," रॉयल तारकेला म्हणाला.

मिस्त्रींनी दोघांना उघडलं. रॉयलची मुख्य चिप जळाली होती, तारकेची निम्मी बटणं मेली होती.

"बाई, ही चिप आता कुठंच मिळत नाही," ते दोन्ही कॉम्प्युटर घेऊन आलेल्या शाळेच्या बाईंना म्हणाले. "दोघांतला एकच चालेल."

"एक तरी चालू करा हो. पोरं वाट बघतायत."

तारका हळूच रॉयलला म्हणाली, "माझी घे. तुला नीट बसेल."

मिस्त्रींनी तिची चिप काढून त्याच्यात बसवली. तारकेचा दिवा पुन्हा लागला नाही.

रॉयल जागा झाला. नेहमीसारखं त्यानं डौलात पडद्यावर आपलं नाव लिहायला घेतलं. पण नाव चिपमध्ये असतं. अक्षरं उमटली: 'मी तारका.'

शाळेतली पोरं त्याला त्याच नावानं हाक मारतात. तो ओ देतो.