पालथा हात

“मग माझा हात कधी, आबा?”

सर्जेराव इंगवल्यांनी हे विचारलं तेव्हा आबा तारकर्लीच्या वाळूत पाय पसरून बसले होते. त्यांनी ऐकलं, आणि ते पायाच्या बोटांनी वाळू उकरत राहिले.

हात म्हणजे काय, ते आधी सांगतो. आमच्यात मंत्र नाही, माळ नाही. आबांच्या मनात येईल तेव्हा ते माणसाच्या डोक्यावर हात ठेवतात, आणि तेवढ्यावर तो माणूस आबांचा होतो. आमच्यात नवीन कोणी भेटला की विचारतात, हात मिळाला का?

सर्जेरावांना मिळाला नव्हता.

आबा पूर्वी गुऱ्हाळावर गूळ करणारे गुळव्या होते. काहिलीतला रस कधी उतरवायचा, हे ते तोंडानं सांगत नसत. नुसता हात करायचे आणि माणसं काहील उतरवायची. पुढं लोक त्यांच्याकडं वेगळ्या गोष्टी विचारायला येऊ लागले, पण ती सवय काही गेली नाही. आपण विचारायचं आणि त्यांच्या हाताकडं बघत बसायचं.

सर्जेराव तसे बघत बसणाऱ्यांत सगळ्यांत जुने. बँकेत मॅनेजर होते. आबा कधी काय बोलले ते आबांपेक्षा त्यांना जास्त नीट आठवायचं. आम्हा आबांच्या माणसांच्या या सहलीची गाडी त्यांनी ठरवली, खोल्या त्यांनी बघितल्या, कोणाला मासे चालतात आणि कोणाला नाही हेसुद्धा त्यांनीच विचारून ठेवलं होतं. माणूस चांगला. कधीही हाक मारा, धावून येणार. फक्त आपण चांगले आहोत, हे त्यांना फार चांगलं माहीत होतं.

आणि इंदूताई मगदूम.

या बाई जयसिंगपूरहून पहिल्यांदा आल्या, भजनात डुलक्या काढल्या, आबा बोलत असताना मध्येच उठून चहा करायला गेल्या. कप द्यायला वाकल्या आणि आबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

“सांडला असता की ओ,” इंदूताई म्हणाल्या.

सर्जेराव तिथंच बसले होते. त्या दिवसापासून या माणसाच्या घशाखाली घास नीट उतरला नाही, असं मला वाटतं.

“आबा,” ते आता म्हणाले, “आज नसेल तर नको. पण मग मी परत येणार नाही. उद्या सगळ्यांना गाडीत बसवून देतो आणि इथूनच नमस्कार करतो.”

ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलले. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

आबा समुद्राकडं बघत होते. तिथं एक बोट लांबलचक पिवळं केळं ओढत चालली होती आणि केळ्यावर बसलेली माणसं ओरडत होती.

“ते काय रं?”

“बनाना राइड म्हणतात. रबरी असतं, हवा भरलेलं. बोट ओढते.”

“बसतोस?”

“आबा, मी तुम्हाला काहीतरी विचारलं.”

“मी बी विचारलं की.”

...

सर्जेरावांनी मला बाजूला घेतलं.

“याचा अर्थ काय असेल?”

“केळ्यावर बसा, असा असेल.”

“तसं नाही हो. आबा उगाच काही बोलत नाहीत. त्यात काहीतरी असणार.”

“आत हवा असते. तुम्हीच सांगितलंत आत्ता.”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी गप्प बसलो.

केळंवाल्याचं नाव बाबी मयेकर. त्यानं आम्हा सगळ्यांना नारिंगी जॅकेटं दिली. इंदूताई आधीच पदर खोचून तयार होत्या. आयुष्यात त्यांनी नदीतसुद्धा गुडघ्याच्या वर पाय घातला नव्हता.

“पडल्यार हँडल सोडूचा,” बाबी म्हणाला. “घाबरा नको. जॅकेट आसा, कोण बुडणा नाय.”

“पडल्यार म्हणजे?” सर्जेरावांनी विचारलं.

“शेवटाक आम्ही पाडतो. लोकांका मजा वाटता.”

“आमचं पाडायचं नाही. बायामाणसं आहेत.”

“मला पडायचंय,” इंदूताई म्हणाल्या. “नुसतं बसून काय करायचं? बसणं काय, घरी बी असतंय.”

“इंदूताई, तुम्हाला पोहता येत नाही.”

“म्हणूनच की. पोहता येणाऱ्याला पडून काय मजा?”

बाबीला काही कळेना. तो एकदा यांच्याकडं बघायचा, एकदा त्यांच्याकडं. शेवटी सर्जेरावांनी निकाल दिला, की पाडायचं नाही, आणि ते सगळ्यांच्या जॅकेटांचे पट्टे ओढून बघू लागले.

वय बघून बाबीनं आबांना केळ्यावर बसू दिलं नाही. त्यांना पुढच्या बोटीत घेतलं. ते बाबीकडं पाठ करून, आमच्याकडं तोंड करून, गुऱ्हाळात बसावं तसे मांडी घालून बसले. बाबी त्यांच्या कानाशी वाकला. सर्जेराव पट्ट्यांत गुंतले होते, त्यांनी ऐकलं नाही. मी ऐकलं.

“आजोबा, तुमी सांगा. पाडूचा आसात तर हात पालथो करा. नाय तर मी सरळ घेऊन येतंय.”

आबांनी मान हलवली.

मी सर्जेरावांना सांगायला हवं होतं का? तेव्हा मला तसं वाटलं नाही. आबांचा हात आहे, आबा बघतील, एवढंच वाटलं.

सर्जेराव सगळ्यांत पुढं बसले. त्यांच्या मागं इंदूताई. त्यांच्या मागं मी.

“घट्ट धरा,” सर्जेराव मागं वळून म्हणाले. “मी आहे पुढं.”

“तुम्ही चालवणार होय?” इंदूताईंनी विचारलं.

दोर ताणला आणि केळं निघालं.

लाटेवर चढलं की ते वाकायचं आणि उतरलं की आम्हाला उडवायचं. तोंडात खारं पाणी गेलं. इंदूताई हसत होत्या आणि मधूनच आई गं म्हणत होत्या. किनारा कुठल्या बाजूला आहे ते मला कळेनासं झालं. एकदा देवबागची सुरूची झाडं दिसली, एकदा नुसतं आभाळ, आणि मग सर्जेरावांची मान, जी अजिबात हलत नव्हती.

ते आबांकडं बघत होते. केळ्यात नाही, लाटांत नाही, सगळं लक्ष आबांच्या हातावर.

आणि आबांनी हात वर केला.

असा, तळवा आमच्याकडं करून. देवाच्या तसबिरीत असतो तसा.

सर्जेरावांच्या खांद्यांतून काहीतरी निघून गेलं, ते मला मागून दिसलं. इतक्या वर्षांनी. भर समुद्रात, सगळ्यांसमोर. त्यांनी हळूच मान खाली घातली.

आबांनी हात पालथा केला.

बाबीनं बोट वळवली.

...

पाण्यात पडल्यावर पहिल्यांदा काही कळतच नाही. वर काय, खाली काय, कान बंद, डोळे झोंबतात. जॅकेटनं मला वर आणलं तेव्हा केळं उताणं पडलं होतं आणि बोट लांब वळसा घेत होती.

इंदूताई दिसल्या. डोळे गच्च मिटलेले, तोंड आभाळाकडं, ओरडत होत्या. मजा कधीच संपली होती. दोन्ही हातांनी त्यांनी काहीतरी दाबून धरलं होतं.

ते सर्जेरावांचं डोकं होतं.

त्या दाबायच्या, ते खाली जायचे. जॅकेट त्यांना वर काढायचं, त्या पुन्हा दाबायच्या. सर्जेराव पंचगंगेत पोहणारे. पुराच्या पाण्यात उडी घालणारे. त्या बाईंचे हात झटकणं त्यांना काय जड होतं? एक हिसका दिला असता तर सुटले असते.

त्यांनी दिला नाही.

एकदा वर आले तेव्हा त्यांचा चेहरा मला दिसला. चिडलेला नव्हता. घाबरलेला म्हणावा, तर तसाही नव्हता. ते माझ्याकडं बघत होते, आणि कोणी अनोळखी गावात पत्ता विचारावा तसं बघत होते. मग पुन्हा खाली गेले, आणि आता स्वतःहून खाली राहिले. खांब रोवावा तसे. वर इंदूताईंचं नाक-तोंड पाण्याबाहेर आलं, त्यांनी श्वास घेतला आणि ओरडणं थांबवलं.

मी ओरडलो, पण कोणाच्या नावानं ओरडलो ते आठवत नाही.

बोट आली. बाबीनं इंदूताईंना काखेत धरून वर घेतलं. मग सर्जेराव वर आले आणि खूप वेळ खोकत राहिले.

आबा मांडी घालून बसले होते. हात मांडीवर होते.

...

किनाऱ्यावर इंदूताई कोकम सरबत पीत बसल्या. रंग परत आला होता.

“परत जायचं का?” त्यांनी मला विचारलं. मग सर्जेरावांकडं बघून म्हणाल्या, “तुमाला लागलं नाही न्हवं? मला वाटलं केळंच हाय.”

सर्जेरावांना जॅकेट काढायचं सुचत नव्हतं. ते खोलीकडं निघाले ते उलट्या दिशेनं. मी त्यांना दंडाला धरून फिरवलं. फिरवल्यावर ते खोलीकडं न जाता आबांसमोर येऊन उभे राहिले. अंगातून पाणी गळत होतं.

“तुम्ही हात वर केलात.”

“केला.”

“मी मान खाली घातली.”

“बघितलं.”

“आणि तुम्ही तो पालथा केलात.”

“इंदूबाईला पडायचं होतं.”

सर्जेरावांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता.

“तिला काही झालं असतं तर? ती घाबरली होती. तिचे डोळे मिटले होते. मी नसतो तर...”

ते थांबले.

आबा वाट बघत होते.

“मी नसतो तर ती तरंगलीच असती,” सर्जेराव हळू म्हणाले. “जॅकेट होतं तिला. खरं म्हणजे माझी गरजच नव्हती.”

“मग खाली कशाला राहिलास?”

“झटकता आला असता मला तिचा हात. सहज.”

“मग?”

“नाही झटकला.”

“का?”

सर्जेराव वाळूत खाली बसले. ओल्या बोटांनी त्यांनी कपाळ पुसलं आणि कपाळाला वाळू लागली.

“कळत नाही, आबा. खरंच कळत नाही. आधी राग आला. इतका राग, की... ही बाई, इथंसुद्धा हीच बाई. मग नाकात पाणी गेलं. मग राग कुठं गेला ते कळलं नाही. वर तिचे हात होते आणि खाली मी होतो. काही ऐकू येत नव्हतं. मला वर यायचं होतं, आणि...”

“आणि काय?”

“...आणि घाई नव्हती.”

आबांनी मुठीत वाळू घेतली.

“माझं म्हणणं वेड्यासारखं वाटत असेल.”

आबांनी ती हळूहळू सोडली.

“पुस्तकात असं कुठं वाचलेलं नाही मी. तुमच्या तोंडूनसुद्धा नाही ऐकलं. तुम्ही जे जे बोललात ते मला आठवतं, त्यात हे नाही. म्हणून विचारतो, याला काय म्हणायचं?”

“मला काय ठावं. खाली तू होतास.”

इंदूताईंनी तिकडून हाक मारली, सरबत घेणार का म्हणून. सर्जेरावांनी हातानंच नको म्हटलं, मग हो म्हटलं. त्या गार पेला घेऊन आल्या, त्यांच्या हातात दिला, कपाळावरची वाळू आपल्या पदरानं पुसली आणि गेल्या. सर्जेराव त्यांच्या पाठीकडं बघत राहिले. सरबत प्यायचं विसरले.

ऊन कलत होतं. बाबी केळं सरळ करून दुसरी माणसं बसवत होता आणि त्यांना तेच सांगत होता, पडल्यार हँडल सोडूचा.

“आबा,” सर्जेराव म्हणाले. “उद्या मी जाणार होतो. आता जाऊ की नको, तेही कळेनासं झालंय. रागावून जाईन असं नाही. पण रिकाम्या डोक्यानं घरी जायला नको वाटतं. तुम्ही इंदूताईंना पहिल्याच दिवशी दिलात. या आमच्या साहेबांनासुद्धा दिलात.”

साहेब म्हणजे मी.

“मला एकदाच द्या. शेवटचं विचारतो. परत कधी तोंडातून काढणार नाही.”

त्यांनी पेला वाळूत ठेवला आणि आबांसमोर मान खाली घातली. केसांतून अजून पाणी ठिबकत होतं.

आबांनी त्या ओल्या डोक्याकडं बघितलं. मग पलीकडं बसलेल्या इंदूताईंच्या हातांकडं बघितलं. मग आपले दोन्ही हात काखेत घालून बसले.

“अरे सर्जा,” आबा म्हणाले, “एका डोक्यावर किती वेळा हात ठेवायचा माणसानं?”