कमळा आणि कमला

"हीच का माझी आई?" प्रणिताने विचारलं.

विहारातल्या संगणकातून एका बाईचा आवाज येत होता. मागे जात्याची घरघर, तिच्यावर तरंगणारी ओवी.

भंते शीलकेतू डोळे मिटून बसले होते. ते बोलले नाहीत...

"हो," सुजात म्हणाला. "पडद्यावर नाव आहे बघा. कमळा."

प्रणिताने तोंडाला पदर लावला. ती रांगत होती तेव्हाच आई गेली होती. मामाकडे वाढलेल्या या पोरीकडे आईचा फोटोसुद्धा नव्हता. कुणीतरी सांगितलं, टेकडीवरच्या विहारात जुन्या बायकांचे आवाज जपून ठेवलेत, तुझ्या आईचाही असेल. म्हणून ती परभणीहून एकटी आली होती.

ओवी संपली. पुन्हा लावली. सुजातने तो आवाज तिच्या फोनवर पाठवून दिला. ती भंतेंच्या पाया पडली, सुजातला "दादा, लई उपकार झाले" म्हणाली आणि टेकडी उतरू लागली.

सुजात समाधानाने वळला. पुण्यातली संगणकाची नोकरी सोडून तो इथे आला होता. श्रामणेर व्हायचं, भिक्खूंचं चीवर घ्यायचं, असं त्याच्या मनात होतं. आज आपल्या हातून एक पुण्यकर्म झालं, असं त्याला वाटलं.

"भंते, तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"ती कमळा नव्हती," भंते म्हणाले.

सुजात हसला. "नाव तर तेच आहे."

"कमळाचा आवाज जाड होता. ती ओवी म्हणत होती तेव्हा मी शेजारी बसलो होतो... ही कमला आहे. पलीकडच्या वस्तीतली."

सुजातचं हसू गेलं.

त्याला आठवलं.

ते आवाज एका फ्रेंच विदुषीने वस्त्यावस्त्यांत हिंडून टिपले होते. नावं तिने रोमन लिपीत लिहिली होती, अगदी काटेकोर. दीर्घ स्वरावर आडवी रेघ, ळ असेल तर अक्षराखाली टिंब. ती बाई पुढे वारली. तिचा जुना लॅपटॉप तेवढा विहारात राहिला आणि तोही अखेरच्या घटका मोजू लागला. भंतेंनी सुजातला सांगितलं होतं, यातलं सगळं आपल्या संगणकावर सुखरूप आण.

सुजातने आणलं. आवाज नीट आले, नावं मात्र विस्कटली. जुन्या यंत्रात अक्षर वेगळं आणि त्याची रेघ किंवा टिंब वेगळं साठवलेलं होतं. नव्या यंत्राला ही मांडणी कळली नाही. प्रत्येक रेघेच्या, प्रत्येक टिंबाच्या जागी काहीतरी अगम्य उमटलं. चौकोन, प्रश्नचिन्हं, कुठल्या तरी परक्या भाषेतली अक्षरं.

"ही चिन्हं सांभाळून आणता येणार नाहीत का?" भंतेंनी तेव्हा विचारलं होतं.

"येतील. नव्या यंत्राला जुनी मांडणी शिकवावी लागेल. पण चार दिवस जातील त्यात. आणि टिंब गेलं म्हणून काय बिघडतं, भंते? नाव तर वाचता येतं."



सुजातने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. जे जे अक्षर ओळखीचं नाही, ते ते पुसून टाक. सगळी नावं क्षणात स्वच्छ झाली. रोमन लिपीत ल आणि ळ यांना अक्षर एकच, फरक फक्त खालच्या टिंबाचा. टिंब गेलं तशी कमळाही कमला झाली. एकाच नावाचे दोन आवाज समोरासमोर आले, तेव्हा जुना ठेवू की नवा, असा प्रश्न यंत्राला पडायला हवा होता. पण प्रश्नांनी काम अडतं, म्हणून सुजातने आधीच लिहून ठेवलं होतं, नवा ठेव, जुना पुस, विचारू नकोस.

मग त्याने जुना लॅपटॉप पार पुसून भंगारात दिला होता.

आता तो संगणकापुढे बसला. सगळे कप्पे धुंडाळले. पुसलेलं परत आणायचे जेवढे उपाय त्याला ठाऊक होते, तेवढे केले.

एकच कमला होती.

"भंते... तुम्ही तिच्यासमोर गप्प का बसलात?"

"तू हो म्हणालास. ती रडायला लागली." भंते थांबले. "मी भ्यालो."

सुजातने मान खाली घातली.

"तिला सांगू का?"

भंतेंनी खिडकीतून खाली फाट्याकडे पाहिलं. "एसटी अजून आलेली नाही."

सुजात टेकडी उतरला. उतरताना शब्द जुळवत होता. ताई, चूक झाली. ताई, ती तुमची आई नव्हती. कसंही मांडलं तरी ते वाक्य तोंडात मावत नव्हतं.

फाट्यावर लिंबाखाली प्रणिता बसली होती. फोन कानाशी धरून ती ओवी गुणगुणत होती. ओळ चुकली की मागे जायची, पुन्हा म्हणायची. सूर हळूहळू जमत चालला होता.

सुजातला पाहून तिचा चेहरा उजळला.

"बरं झालं आलात, दादा. हितं आई काय म्हणते? बाई का सई?"

त्याने फोन कानाला लावला. ऐकलं.

"सई."

"सई म्हणजे?"

"मैत्रीण."

प्रणिताने ओवी थांबवली. मग म्हणाली, "म्हणजे आईला मैत्रीण होती. मामीनं तर सांगितलं होतं, तिला कुणीच नव्हतं म्हणून."

सुजातच्या तोंडात वाक्य आलं. तिथेच राहिलं.

एसटी आली. ती चढली, खिडकीतून हात हलवला आणि फोन पुन्हा कानाशी नेला.

तो परत आला तेव्हा भंते जागचे हलले नव्हते.

"सांगितलंस?"

"नाही."

"ती ओवी शिकत होती, भंते. माझ्याच्यानं झालं नाही."



"कमलाला मूलबाळ होतं?" त्याने विचारलं.

"नव्हतं. एकटीच मेली."

"मग..." सुजात म्हणाला. "मग निदान तिला तरी आज एक लेक मिळाली. नाही का, भंते?"

भंतेंनी समोरच्या रिकाम्या चटईवर हात ठेवला.

"कमळाची लेक आता दुसऱ्या बाईसाठी रडते. कमळासाठी रडायला कुणी उरलं नाही... बस इथे."