रंगाखालची भेग

ऊस वाहायच्या ट्रॉल्या बनवण्यात कुरणगावचा हात धरणारं दुसरं गाव नव्हतं. त्या गावात केरबा लोहार नावाचा एक फिटर राहत होता. लोखंड त्याचं ऐकत असे. त्याला मात्र कुणाचं ऐकायची सवय नव्हती.

केरबाकडे एक जुनं इंजिन होतं. संस्थानच्या काळात शर्यतीत पळणाऱ्या एका परदेशी मोटारसायकलचं. ती गाडी एका सरदार घराण्याच्या गोठ्यात चाळीस वर्षं पडून होती. त्या घरच्यांनी ती केरबाच्या वडिलांना देऊन टाकली, तेव्हा तिची चासी, म्हणजे गाडीचा सगळा सांगाडा, गंजून पापडासारखी झाली होती. इंजिन तेवढं तेलात भिजून शाबूत राहिलं होतं. वडील गेले, इंजिन पडवीत पडून राहिलं. मग एक दिवस केरबाच्या मनानं घेतलं, की या इंजिनाला नवी चासी करायची. घरच्या घरी करायची, आणि जत्रेत माळावर मोटारसायकलींची शर्यत होते तिथे ही गाडी उतरवायची.

नकाशा कुठला असणार? त्यानं ओसरीच्या फरशीवर खडूनं गाडी काढली, खऱ्या गाडीएवढी. ते चित्र काम संपेपर्यंत तिथेच होतं. त्याची बायको सगुणा चित्राच्या कडेकडेनं केर काढायची आणि पुसट झालेल्या रेघा पुन्हा ओढून ठेवायची.

चासीचं सगळं बळ जोडात असतं. एक नळी दुसरीला भिडवायची, तर तिच्या तोंडाला माशाच्या उघड्या जबड्यासारखी खाच पाडावी लागते. ती दुसऱ्या नळीवर अशी बसली पाहिजे, की मधून उजेड दिसता कामा नये. मग गॅसच्या ज्योतीवर पितळ वितळवून तो जोड झाळायचा. झाळायचं काम केरबा झकास करी. पण खाच घासायला लागतो तो धीर त्याच्यापाशी नव्हता. दहा-पाच वेळा कानस फिरवायचा आणि म्हणायचा, "चालतंय."

सगुणाला ते चालत नसे. तिचे वडील साखर कारखान्यात फिटर होते. कानस कशी धरायची, ते तिनं त्यांच्या मांडीशी बसून शिकून घेतलं होतं. घरचं काम आवरलं की ती नळी गुडघ्यात धरून बसायची. घासायची, उजेडाला धरून बघायची, पुन्हा घासायची. अडीच वर्षांत बावीस जोड झाले. बावीसच्या बावीस खाचा तिच्या हातच्या होत्या. बोटांना पडलेल्या चिरा हळदीनं भरून ती भाकरी थापत असे.

गाडी चालवायला दिनकर होता. दिनकर सगुणाचा धाकटा भाऊ, दूध संघाच्या टँकरवर ड्रायव्हर. वडील लवकर गेले आणि आई रोजगाराला जायची, म्हणून सगुणानंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. मोटारसायकल त्याच्यासारखी पळवणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

पहिल्या वर्षी माळावर ती गाडी सुटली, आणि सगळ्या नव्या गाड्या तिच्या धुळीत दिसेनाशा झाल्या. दिनकर पहिला आला. लोकांनी त्याला उचललं आणि केरबाच्या गळ्यात हार घातला. माइकवरून सरपंचांनी विचारलं, "केरबा, एवढी चासी किती जणांनी मिळून केली?"

"एकट्यानं," केरबा म्हणाला. "घरच्या घरी, एकट्यानं."

सगुणा बायकांच्या घोळक्यात उभी होती. शेजारणीनं तिच्याकडे वळून पाहिलं. सगुणानं पदराखाली बोटं मिटून घेतली आणि हसली. नाव घरातच राहिलं, असं तिनं मनाला सांगितलं. मनाला ते पटलं नाही, पण ते गप्प बसलं.

पुढच्या वर्षी जत्रेच्या तोंडावर दिनकर म्हणाला, "दाजी, गाडी वळणावर जड जाते." त्याच वेळी निरोप आला, की पुण्याच्या मोटारसायकल कंपनीची दोन माणसं ही चासी बघायला जत्रेला येणार आहेत. केरबाच्या अंगात वारं शिरलं. ज्यात हँडल बसतं तो पुढचा जोड त्यानं लालबुंद तापवला, हिसका देऊन नळीचा कोन बदलला आणि पुन्हा झाळला. मग घाईघाईनं त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं. चर्र आवाज झाला. वाफ आढ्यापर्यंत गेली.

"अहो, आपोआप निवू द्यायचं होतं," सगुणा म्हणाली.

"तू मला लोखंड शिकवू नकोस."

शर्यतीच्या दोन दिवस आधी दिनकर सरावाच्या चार चकरा मारून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी केरबानं टाकी उतरवली होती. सगुणाचं लक्ष टाकीखाली झाकल्या जाणाऱ्या त्या पुढच्या जोडावर गेलं. तिनं त्याला रॉकेल चोळलं, कोरड्या फडक्यानं पुसून घेतलं आणि वरून खडूची पूड भुरभुरली. वडिलांनी शिकवलेली ती युक्ती होती. भेग असली तर आत मुरलेलं रॉकेल पुडीतून वर येतं. घटकाभरात पांढऱ्या पुडीवर केसासारखी काळी रेघ उमटली. बोटाच्या पेराएवढी.

तिनं केरबाला बोलावून दाखवली. त्याचा चेहरा उतरला. हा जोड नीट करायचा म्हणजे इंजिन उतरवायचं, नळी कापायची, नवी घालायची. चार दिवसांचं काम. शर्यत उद्यावर आलेली, आणि पुण्याची माणसं निघालेली.

"दिनूला सांगून येते," सगुणा म्हणाली.

"कशाला? त्याचं मन कच्चं करशील. मी बघतो काय ते. शर्यतीपुरती भेग संध्याकाळपर्यंत झाळून टाकतो."

"नक्की?"

"माझ्यावर भरवसा नाही का तुझा?"

त्या प्रश्नापुढे बायकोनं काय बोलायचं? सगुणा जत्रेचा नैवेद्य करायला वरच्या आळीला माहेरी गेली. दिवेलागणीला परत आली, तर गाडी जोडून तयार होती. टाकी बसवलेली. चासी नव्या काळ्या रंगानं चमकत होती आणि ओसरीभर रंगाचा वास होता.

"झाळलंत?" तिनं विचारलं.

"झाळलं."

तिला वाटलं, टाकी काढून एकदा बघावं. तिचा हात पान्यापर्यंत गेलासुद्धा. मग तिनं मागे घेतला. नवऱ्यानं झाळलं म्हटल्यावर पुन्हा तपासायचं म्हणजे त्याला तोंडावर खोटं ठरवण्यासारखंच. सकाळी दिनकर गाडी न्यायला आला. तिनं त्याला ओवाळलं, हातावर दही घातलं. भेगेचं काही बोलली नाही.

माळावर पाचव्या फेरीला, उतारावरच्या वळणाला, चासी मोडली. मान तुटलेल्या जनावरासारखी गाडी पुढून खाली बसली. दिनकर उडाला, आणि मागून आलेली गाडी त्याच्या उजव्या पायावरून गेली.

सगुणा धावली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. जीप आली, चौघांनी त्याला उचलून आत ठेवलं, जीप धुळीत दिसेनाशी झाली. तेव्हा कुठे लोक मोडक्या गाडीभोवती जमले. त्यांत याकूबचाचा होते, गावातले सगळ्यात जुने फिटर. पुण्याची दोन माणसंही होती. याकूबचाचांनी तुटलेली नळी हातात घेतली.

"हा जोड कुणाचा?"

सगळे केरबाकडे बघत होते. मागच्या वर्षी बघत होते तसेच, पण आता नजरा वेगळ्या होत्या. त्याच्या तोंडून शब्द निघून गेले, "खाचा हिनं घासल्या होत्या. मी फक्त झाळलं."

सगळ्या माना सगुणाकडे वळल्या. तिच्या लुगड्याला भावाचं रक्त लागलेलं होतं. एवढ्या लोकांपुढे, इतक्या मोठ्यानं, त्या चासीवर तिचं नाव पहिल्यांदाच घेतलं गेलं होतं.

डॉक्टरांनी दिनकरचा पाय गुडघ्याखालून काढला. गावात एकच बोलणं झालं, बाईच्या हातचं लोखंड ते, टिकणार किती! सगुणा इस्पितळातून माहेरी गेली, तर आई उंबऱ्यात उभी राहिली.

"ज्या हातानं त्याला वाढवलंस, त्याच हातानं मोडलंस," आई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

सगुणानं दारावर थाप मारली नाही. भेग मी दाखवली होती, असं ओरडून सांगावं असं तिला वाटलं. पण ते सांगितलं तर 'मग दिनूला का नाही सांगितलंस?' असं आई विचारणार, हे तिला ठाऊक होतं. आज ना उद्या केरबाच खरं सांगेल, असं म्हणून ती वाट बघत राहिली. महिना गेला. केरबा तिच्या नजरेला नजर देईना, आणि लोकांपुढे तोंडही उघडीना.

एक दिवस याकूबचाचा त्यांच्या ओसरीवर आले. जोडाचा तो तुटका तुकडा त्यांच्या हातात होता. तो त्यांनी केरबापुढे ठेवला.

"केरबा, खाच बघ. केस शिरायला जागा नाही. अशी घासणी मी उभ्या जन्मात दोनदा बघितली, आणि त्यातली एक हिच्या वडिलांची होती. मोडलंय ते खाचेत नाही. मोडलंय ते शेजारी, जिथे तू नळी जाळलीस आणि वर पाणी ओतलंस तिथे."

चाचांनी तुकडा उलटा केला.

"आणि हे बघ. भेगेच्या आत काळा रंग आहे. भेग आधीच असल्याशिवाय रंग आत जात नाही, आणि झाळली असती तर आत पितळ दिसलं असतं. म्हणजे भेग तुला दिसली होती."

केरबानं मान खाली घातली.

"मागच्या साली हार घेताना सगळे जोड तुझे होते. मोडल्यावर तिचे कसे झाले रे?"

सगुणा दारात उभी होती. झाळलंच नव्हतं, हे तिला त्या क्षणी कळलं.

"ऊठ," याकूबचाचा म्हणाले. "दिनकरकडे जाऊ. तुझ्या तोंडानं सांग."

"आता सांगून त्याचा पाय परत येणार आहे का, चाचा?"

"पाय नाही येणार. हिचं माहेर येईल."

केरबा उठला नाही. नखानं फरशी उकरत बसून राहिला. याकूबचाचांनी तुकडा उचलला आणि एकटेच वरच्या आळीला गेले.

दुसऱ्या दिवशी आईचा निरोप आला, ये म्हणून. सगुणा अनवाणीच धावत गेली. आईनं दार उघडलं, तिला जवळ घेतलं आणि रडली. दिनकर आत खाटेवर होता. पायावरून चादर घेतलेली, एका बाजूला ती सपाट पडलेली.

"आक्का," तो म्हणाला, "चाचा सांगून गेले. दाजींनी भेग रंगवली. पण ती त्यांना दाखवली कुणी?"

आईचं रडणं थांबलं.

"मी दाखवली," सगुणा म्हणाली.

"म्हणजे तुला ठाऊक होतं. सकाळी मला ओवाळलंस तेव्हा."

"झाळलं म्हणाले रे. मी विचारलं होतं, दिनू. पुन्हा तपासलं असतं तर त्यांचा शब्द खोटा पडला असता. त्यांचा मान..."

दिनकरचा आवाज चढला नाही.

"त्यांचा मान राहिला, आक्का. माझा पाय गेला."

एवढं बोलून त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. सगुणा खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, मग बाहेर आली. आईनं तिला थांब म्हटलं नाही.

घरी केरबा वाट बघत होता. "काय म्हणाला?" त्यानं विचारलं.

"खरं तेच म्हणाला," सगुणा म्हणाली.

त्यानंतर ती याकूबचाचांच्या शेडमध्ये कानसकामाला जाऊ लागली. केरबा अजूनही ट्रॉल्या बनवतो, पण शर्यतीच्या गाडीचं काम त्याच्याकडे कुणी आणत नाही. दोघं एकाच घरात राहतात. ती त्याला जेवायला वाढते. तो काही सांगू लागला की ऐकूनही घेते. फक्त त्याच्या कुठल्याही बोलण्याला आता ती हो म्हणत नाही.

तात्पर्य: जो श्रेय एकट्याचं म्हणून घेतो, तो दोष दुसऱ्याच्या माथी मारल्याशिवाय राहत नाही, आणि अशा माणसाचा मान राखायला आपण जे खरं गिळतो, त्याचा घाव तिसऱ्याच निरपराध माणसावर पडतो.