शिंपांच्या भाड्याची कोठी

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि म्हाताऱ्यांच्या शब्दावर उलटून बोलायची कुणाची छाती नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. करजबंदरच्या टोकाला दर्यापारच्या व्यापाऱ्यांनी बांधलेली दुमजली कोठी होती. व्यापारी गेले, कौलं फुटली, भिंतीत पिंपळ रुजला. आत समंध राहतो, असं गावचे मानकरी सांगत. खरं कारण वेगळं होतं. कोठीचे सागवानी वासे एकेक करून त्यांना आपापल्या घरी न्यायचे होते, आणि समंधाच्या भीतीने तिकडे दुसरं कुणी फिरकत नव्हतं.

एका साली उधाणाने खाडीकाठची झोपडी न झोपडी नेली. माणसं होड्या पालथ्या घालून त्यांच्याखाली राहिली. त्यांत ठकू होती. शिंपा भाजून चुना करणं हा तिचा धंदा. पालथ्या होडीखाली तिची भावजय बाळंत झाली आणि ठकूचं डोकं फिरलं. एवढी थोरली कोठी वटवाघळांना, आणि लेकराच्या डोक्यावर होडीचं बूड?

ती मानकऱ्यांकडे गेली. थोरला मानकरी अंतोबा पान चघळत म्हणाला, समंधाला विचार. बाकीचे हसले. ठकू घोंगडी घेऊन कोठीत निजायला गेली.

सकाळी सगळा गाव तिचं मढं बघायला जमला. ठकू केस बांधत बाहेर आली.

"विचारलं, अंतोबा. राहा म्हणतो. वासे कुणी कुणी नेले ते सांगू का, असंही म्हणाला."

म्हणतात, त्या दिवशी मानकऱ्यांना आपल्या पायांची बोटं फार सुंदर दिसली. कुणाची मान वर होईना.

पण म्हातारी खोडं, वाकतील कशी? कोठी पडायला आली आहे, गावाला धोका आहे, पावसाआधी पाडून टाकू, असं त्यांनी ठरवलं. ठकूने चुन्याची भट्टी कोठीच्या अंगणातच मांडली. लोकांनी भीतभीत विचारलं, खोलीचं भाडं किती? ती म्हणाली, घरटी पाटीभर शिंपा. मग काय, सगळ्या वस्तीने तिसऱ्या आणि कालवं खाल्ली आणि शिंपा ठकूच्या भट्टीत ओतल्या. पुरुषांनी कौलं चढवली, बायकांनी चुना मळला. ठकूचे हात इतके पांढरे झाले की परतणाऱ्या होड्या अंधारात त्यांच्या खुणेने वाट धरत, असं म्हणतात.

मागची भिंत सांधायची राहिली आणि शिंपा संपल्या. ठकू खाडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. "घरं तू नेलीस," ती म्हणाली, "भाडं तूच भर." म्हणतात, त्या ओहोटीला पाणी कधी नव्हे इतकं मागे सरलं, आणि पुळणीवर माणसाच्या उंचीचा शिंपांचा ढीग पडला होता.

भिंत झाली. दुसऱ्या सकाळी मानकरी पहारी घेऊन आले. पेटत्या चुलीला लाथ लावायची नाही, ही एकच रीत त्या गावात थोरही पाळत. ठकूला ती ठाऊक होती. अंतोबाने पहिलं दार ढकललं, आत चूल पेटलेली. दुसरं ढकललं, तिथेही. खालीवर प्रत्येक खोलीत चूल, चुलीवर पेज. शेवटच्या खोलीत माणूसच नव्हतं, पण चूल मात्र धडधडत होती. त्याने पहार उचलली.

"इथं कोण राहतं?"

"अजून कुणी नाही," ठकू म्हणाली. "पुढचं उधाण तुमच्या आळीत आलं, तर तुम्ही."

अंतोबाने पहार खाली ठेवली. म्हणतात, ती पहार आजही तिथेच आहे, तिचाच दाराला अडसर केला आहे.

ठकू कधी गेली, कुणाला सांगता येत नाही. पण करजबंदरात दर साली पावसाआधी कोठीला शिंपांचा चुना लागतो, आणि पहिली पाटी मानकऱ्यांच्या घरातून यावी लागते. खोल्या कुणी विकत नाही. भाडं अजून तेच. शेवटची खोली रिकामी असते. तिथली चूल रोज कुणीतरी पेटवतं, आणि ज्याचं घर गेलं त्याला तिथे कुणी नाव विचारत नाही, आधी पेज वाढतात.